काचेची पेटी म्हणजे वारूळ नव्हे

पौष अमावास्येला तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूर येथे नागोबाची जत्रा भरते. गोंड समाजातील मेस्राम कुळाची मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने आपल्या नागदेवतेला अभिषेक घालतात. सीमेलगतच्या महाराष्ट्रातूनही या जत्रेला भाविक जातात. नागाला कुलदैवत मानणाऱ्या या समाजाची श्रद्धा प्रत्यक्ष नाग घरात कोंडून ठेवण्यावर अवलंबून नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देव देवळात आणि साप रानात, ही त्यांची व्यवस्था शहाणपणाची आहे.

शहरांतून मात्र अलीकडे निराळीच हौस बोकाळली आहे. आफ्रिकेतील बॉल पायथन, अमेरिका खंडातील हिरवा इग्वाना, लाल कानाची पाणकासवे असे प्राणी दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत येऊन पडत आहेत. विकत घेताना पेटी दिसायला किती सुबक आहे हे पाहिले जाते. तीत राहणाऱ्या जिवाला काय लागते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

त्याचे उत्तर आदिलाबादचे हवामानच देते. तेथे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास जातो. सरपटणाऱ्या प्राण्याला आपल्यासारखी शरीरात ऊब निर्माण करता येत नाही. तरीही तो तेथे तगतो, कारण थंडी वाजली की तो उन्हातल्या दगडावर येतो आणि तापले की बिळात शिरतो. ऊन आणि सावली यांतून निवड करण्याची ही मोकळीक हेच त्याच्या जगण्याचे साधन होय. पेटीत घातल्याबरोबर ती हिरावली जाते. म्हणून पाळणाऱ्याने ती परत देणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

पेटीचे एक टोक उबदार व दुसरे थंड असले पाहिजे. बॉल पायथनसाठी उबदार बाजूस सुमारे बत्तीस अंश आणि थंड बाजूस सव्वीस अंश तापमान लागते, तसेच दोन्हीकडे लपायला जागा लागते. दिव्याची उष्णता थर्मोस्टॅटने आवरली नाही तर प्राणी भाजतो. इग्वाना व कासव यांना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हवेत. त्यांच्याविना ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडे ठिसूळ होतात आणि कवच मऊ पडते. साध्या काचेतून हे किरण बहुतांशी आत येत नाहीत, म्हणून खिडकीशेजारी पेटी ठेवून भागत नाही. त्यासाठी खास दिवा लागतो. वीतभर दिसणारा इग्वाना पुढे पाच फुटांपर्यंत वाढतो आणि रुपयाएवढे पाणकासव ताटाएवढे होऊन वीस-तीस वर्षे जगते, याचाही विचार कोणी करावा?

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव मूळचे कोरड्या माळरानातले. कोकण-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत त्याला फुप्फुसाचे विकार जडतात. ‘लक्ष्मी येते’ म्हणून ते चोरून घरी आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव कूर्मावताराचे स्मरण देण्यास पुरेसे आहे. जिवंत कासवाला कोंडून लक्ष्मी प्रसन्न होत असेल, असे आम्हांस वाटत नाही. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नाग, अजगर आणि घोरपडही तिथेच आहेत. ते बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यांच्यासाठी घरात योग्य पिंजरा असूच शकत नाही.

परदेशी प्राण्यांबाबत २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील जातींची नोंदणी सक्तीची केली आहे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण कळवावे लागते. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण नोंद झाली म्हणजे निवारा मिळाला असे नव्हे. प्राणिसंग्रहालयांना केंद्रीय प्राधिकरणाच्या पिंजऱ्याविषयीच्या अटी पाळाव्या लागतात, मग घरच्या पेटीला मोजमाप का नसावे? जागा, उष्णता, प्रकाश आणि आर्द्रता यांची किमान मर्यादा वनखात्याने मराठीतून प्रसिद्ध करावी, विक्रेत्याने ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी आणि पेटी तपासल्यावाचून नोंदणी पुरी समजू नये, अशी आमची मागणी आहे.

हौस फिटल्यावर पाणकासव देवळाच्या तळीत वा ओहोळात सोडणे हे पुण्य नव्हे. लाल कानाचे कासव जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जातींत गणले जाते. ते आपल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. ज्याला ते सांभाळणे जमत नाही त्याने वनखात्याला कळवावे. आणि ज्याने अजून आणलेच नाही, त्याने वीस वर्षांची जबाबदारी पेलेल काय, हे आधी स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर रिकामी पेटी दुकानातच राहू द्यावी.