पाठीवरचे 70 किलो

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात बैलांची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद-तूप चोळताना शेतकऱ्याची बोटे आपसूक जखम शोधतात. कातडी कुठे सोलवटली, बैल कुठे हात लावू देत नाही, हे त्याला न बघता कळते. शेतकरी संत नसतो, पराणी त्याच्याही हातात असते. पण पुढची पाळी याच खांद्यावर घालायची आहे, हे तो विसरत नाही.

याउलट, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर घोडा भाड्याने घेणाऱ्याचा आणि त्या घोड्याचा संबंध तासा-दोन तासांचा. खोगीर उचलून खाली कोण पाहणार?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1965 मध्ये झालेल्या नियमांत ओझ्याच्या तट्टाला 70 किलोंची मर्यादा आहे. पारा 37 अंशांपुढे जातो तिथे दुपारी 12 ते 3 जनावर जुंपू नये, हेही त्यांतच आहे. धावड्याच्या शेतकऱ्याला त्यासाठी राजपत्र वाचावे लागले नाही. खात्यापित्या घरचा पर्यटक 70 किलोंत सहसा बसत नाही. माणूस म्हणजे ओझे नव्हे, असा युक्तिवाद कुणी करील. तट्टाला तो पटवून देता आला तर उत्तम.

मग घोड्यांच्या धंद्यावर सरळ बंदीच का नको? मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 8 जून 2015 रोजी उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, पुनर्वसनाची योजना आखायलाही सांगितले. पण विजेवरच्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या 2021 मध्ये. धंदा गेलेल्या घरात घोड्याच्या तोबऱ्याची पाळी शेवटी येते, हे ओळखायला प्राणिमित्र असावे लागत नाही. उलट, ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, तेव्हा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, पैशांची सबब नको, असेही बजावले. घोडेवाल्यांची संख्या कमी करायची तर याच वाटेने करावी. जे घोडे राहतील, त्यांच्या पावसाळ्यातल्या बिनकमाईच्या महिन्यांची वैरण आणि पशुवैद्य यांचा खर्च पर्यटकाकडून घेतल्या जाणाऱ्या प्रवासी करातून व्हावा.

आणि त्या कराच्या खिडकीशेजारी एक वजनकाटा ठेवावा. आमच्याकडे कापूस मोजल्यावाचून व्यापाऱ्याच्या गाडीत चढत नाही.