तो आळशी नाही

‘भास थांबले, पण आता दिवसभर बसून असतो. दुकानातून तीन वस्तू आण म्हटलं तर एकच आणतो. आळशी झालाय.’ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे नातेवाईक ओपीडीत हे नेहमी सांगतात. यामागे मेंदूतला दोष असतो. तो समजण्याचं मोठं श्रेय पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच (१९३७-२००३) या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाईंना जातं.

कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग फारच गुंतागुंतीचा, त्याच्या नादी कोण लागणार, असा एकेकाळी समज होता. बाईंनी आयुष्य त्यालाच दिलं. १९८९ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेला प्रयोग गाजला. पडद्यावर एका जागी दिवा क्षणभर लागून विझतो. काही सेकंदांनी माकडानं त्याच जागी नजर न्यायची. या मधल्या काळात समोर काहीच नसतं. तरीही पुढच्या भागातल्या ठरावीक पेशी सक्रिय राहतात. जणू पाटीवर लिहिलेलं पुसू देत नाहीत. त्या ढेपाळल्या की माकड चुकतं. हीच वर्किंग मेमरी. ती नसेल तर विचाराचं एक टोक धरून दुसऱ्यापर्यंत जाताच येत नाही.

त्याआधी, १९७९ मध्ये, त्यांच्या गटानं दाखवलं होतं की या भागातलं डोपामिन घटवलं, तर तो भाग कापून काढल्यावर बिघडते जवळजवळ तितकीच ही स्मृती बिघडते. पुढे कळलं, डोपामिन जास्त झालं तरी बिघडते. स्किझोफ्रेनियाची नेहमीची औषधं डोपामिनच्या एका प्रकारच्या ग्राहींना रोखून भास आटोक्यात आणतात. पाटी मात्र फारशी सुधारत नाही. त्यासाठी खास मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. जुलै २००३ मध्ये रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेनं बाई गेल्या, तेव्हा त्या कामातच होत्या.

आपल्याकडे मात्र ‘आवाज येतात का?’ एवढं विचारून केसपेपर पुढे सरकतो. गर्दी असते, हे खरं. पण हातांची थरथर थांबवायला सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी अनेकदा गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहते आणि आधीच अधू असलेली स्मृती आणखी मंदावते, याकडे तरी डॉक्टरांनी लक्ष द्यायला हवं. नातेवाइकांनी ती परस्पर बंद करू नये. पुढच्या भेटीत विचारावं. आणि दुकानात पाठवताना तीन वस्तूंची चिठ्ठी हातात द्यावी.