चिलखताच्या आत कोण?



मालेगावहून रात्रीची एसटी धरली आणि नगरला जाऊन रणगाडे बघून आलो. मालेगाव म्हणजे नाशकाकडचं नव्हे, आमचं वाशीम जिल्ह्यातलं. सोबत गल्लीतलं एक पोरगं. भरतीसाठी पहाटे चारला उठून सडकेनं पळतं. म्हटलं, चल, ज्या नोकरीसाठी ऊर फोडतोस तिचं लोखंड तरी बघ.

नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ सालचं. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता. जपानी हा-गो. रोल्स रॉइसची चिलखती मोटार. १९६५ च्या लढाईतला पॅटन. पोरानं पोलादावर हात ठेवला नि विचारलं, ‘भाऊ, याच्या आतमंधी कोन बसे?’

रणगाड्यांत आपल्या बापजाद्यांचं दप्तर शोधू नये, कळतं मला. ते पायदळी. पण प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच.

कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत मेलेल्या २२ महारांची नावं आहेत. त्यांच्या जिवावर कंपनीनं राज्य केलं. राज्य पक्कं झाल्यावर १८९२ च्या सुमारास साहेबाला साक्षात्कार झाला, की लढाऊ जाती वेगळ्या, महार त्यात नाहीत. भरती बंद! साहेबानं वर्णव्यवस्थेलाच खाकी चढवली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये केला. साहेब ढिम्म. मग महायुद्धात माणसं कमी पडली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा आठवण: १ ऑक्टोबर १९४१, बेळगाव, महार रेजिमेंट. बाबासाहेब मागे लागले तेव्हा कुठं.

गरज असली की शूर, गरज सरली की अस्पृश्य. हा हिशेब पाठ करा!

आता आपल्यातल्या मिशीवाल्यांना सांगतो. रक्तातच लढाऊपणा आहे म्हणून छाती बडवू नका. ती साहेबाची नि मनूची भाषा. लष्करानं आपल्याला बंदुकीहून मोठी चीज दिली होती, शाळा. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. भरतीचं दार लागलं तेव्हा पगार गेला, पेन्शन गेली आणि पोरांची पाटीही गेली. खरा घाव तो.

आणि आज? २०२२ पासून अग्निपथ. चार वर्षांची नोकरी. शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन रामराम. पेन्शन नाही. सगळ्या जातींच्या पोरांना हाच कायदा, हे खरं. पण ज्याच्या बापाची दहा एकर ओलिताची आहे तो घरी येऊन औत धरील. ज्याच्या बापाचं नाव सातबाऱ्यावरच नाही तो पंचविसाव्या वर्षी कुठं जाईल? एटीएमच्या दारात, दुसऱ्याच्या पैशावर पहारा करायला!

परतीच्या गाडीत पोरगं गप्प होतं. मेहकर मागं पडल्यावर म्हणालं, ‘भाऊ, मंग पळू का नोको पळू?’

पळ बाबा. तुझ्या घरच्या चुलीला मी भाषण घालू शकत नाही. पण पळणाऱ्या पोरांना एकत्र कर, आणि मागा: नोकरी पुरी द्या, पेन्शन द्या. मेल्यावर दगडावर नाव कोरणारे पुष्कळ भेटतील. जित्या माणसाचं नाव पगारपत्रकावर राहिलं पाहिजे, त्याच्यासाठी भांडायचं.

जय भीम!