अर्ध्या सत्याचे स्मारक

दक्षिण आफ्रिकेत ग्राफ-रायनेट गावाबाहेर, मरेसबर्गकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, गिडियन स्कीपर्स या बोअर सेनानीचे स्मारक आहे. १८ जानेवारी १९०२ रोजी ब्रिटिशांनी या २३ वर्षांच्या आजारी युद्धकैद्याला खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. तो ट्रान्सवालचा, केप वसाहतीचा बंडखोर प्रजाजन नव्हे. त्याचे प्रेत कोठे पुरले, हे अद्याप उघड झालेले नाही. आई त्याचा शोध घेत राहिली. विटवाटर्सरँडच्या सोन्यासाठी लढल्या गेलेल्या युद्धातील हा घोर अन्याय होता, यात शंका नाही.

परंतु हुतात्म्याचे रक्त म्हणजे त्याच्या पक्षाच्या सर्व कृत्यांना दिलेले माफीपत्र नव्हे. कृष्णवर्णीयांना दिलेली क्रूर वागणूक हाही स्कीपर्सवरील एक आरोप होता. ब्रिटिशांना त्यांचा कळवळा आला होता, असे मानण्याइतके आपण भोळे नाही. पण फिर्यादी ढोंगी असला म्हणून मेलेली माणसे खोटी ठरत नाहीत. बोअर तुकड्या कृष्णवर्णीय टेहळ्यांना हेर ठरवून ठार करीत. १९०१ साली कॅल्व्हिनियात अब्राहम एसाव या मिश्रवर्णीय लोहाराचा छळ करून दुसऱ्या एका बोअर तुकडीने त्याला गोळी घातली. त्यालाही आई होती.

ब्रिटिशांच्या छळछावण्यांत सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. त्यांचा शोक राष्ट्रीय झाला. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतील नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक. त्यांची गणतीदेखील कित्येक दशके कोणी केली नाही. मे १९०२ च्या तहात गोऱ्या जेत्यांनी आणि गोऱ्या पराजितांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार स्वराज्य मिळेपर्यंत लांबणीवर टाकला. म्हणजे तो निर्णय बोअरांच्या हाती सोपविला. १९१३ च्या भूमी कायद्याने देशातील बहुसंख्यांच्या वाट्याला सुमारे सात टक्के जमीन ठेवली. खाणमालकाला स्वस्त मजूर आणि जमीनदाराला बिनजमिनीचा गडी मिळाला. भांडण दोघांचे, तडजोडही दोघांची; किंमत मात्र तिसऱ्याने मोजली.

त्याच ग्राफ-रायनेटमध्ये १९२४ साली रॉबर्ट सोबुक्वे जन्मले. पासकायद्याविरुद्ध उभे राहिल्याबद्दल १९६० पासून तुरुंग, रॉबेन बेट आणि किंबर्लीतील स्थानबद्धता भोगून १९७८ साली ते वारले. त्यांना तुरुंगात डांबणारे राज्यकर्ते स्वतःला स्कीपर्सचे वारस म्हणविणारे होते. सोबुक्वे यांच्या थडग्याचीही गावात वारंवार नासधूस झाली आहे.

म्हणून स्कीपर्सचे स्मारक पाडावे काय? मुळीच नाही. तेथे साम्राज्यशाहीचा गुन्हा नोंदला आहे. तो पुसून लाभ साम्राज्यशाहीचाच. मागणी एवढीच, की त्याच रस्त्यावर बिननावाच्या टेहळ्यांसाठीही दगड उभा राहावा. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच उद्या अन्याय करू शकतात, हा धडा एकट्या आफ्रिकेचा नाही. जुन्या जखमा मिरवत सत्ता मागणाऱ्या प्रत्येकाला विचारले पाहिजे: तुमच्या हुतात्म्यांच्या यादीत, तुमच्या हातून मेलेल्यांना जागा आहे काय?