टूल ऑफिसचं, प्रॉडक्ट कुणाचं?

‘आय अ‍ॅग्री’वर क्लिक करताना त्याच्या वरचा मजकूर कुणी वाचतं का हो? मी तरी असा माणूस पाहिलेला नाही. आणि आयटीतली माझी निम्मी गँग रात्री दहानंतर स्वतःचं काहीतरी ‘बनवत’ असते. कुणी डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट्सचं सॉफ्टवेअर, कुणी सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब. टूल्स कुठली? ऑफिसच्या सबस्क्रिप्शनमधली. एकदम फुकट!

या फुकटचा फंडा जरा समजून घेऊ. उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. जुनी मंडळी ज्याला अजूनही ‘एमएसडीएन’ म्हणतात, त्याचं आताचं नाव व्हिज्युअल स्टुडिओ सबस्क्रिप्शन. त्याबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही अगदी उलट्या टोकांचे. पहिला, यातून बनवलेलं सॉफ्टवेअर विकता येत नाही. साफ चूक. खुशाल विका, त्यासाठीच तर ते आहे. फक्त त्यांच्या ज्या फायली तुमच्या सॉफ्टवेअरसोबत द्यायच्या, त्या त्यांनी परवानगी दिलेल्या यादीतल्याच हव्यात.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडणारा. सबस्क्रिप्शनमध्ये विंडोज सर्व्हर मिळतो, एसक्यूएल सर्व्हर मिळतो, मग क्लायंटकडे तोच टाकला तर काय बिघडलं? बॉस, बिघडतं! ते सगळं बनवायला, तपासायला आणि डेमो दाखवायला आहे. क्लिनिकची रिसेप्शनिस्ट खऱ्या पेशंटचं नाव टाइप करू लागली, की ते झालं ‘प्रॉडक्शन’, आणि त्याला वेगळं लायसन्स लागतं. छोट्या कामाला एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती पुरते. ती फुकट आहे आणि प्रॉडक्शनलाही चालते. फक्त २०२२च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे.

शिवाय हे सबस्क्रिप्शन माणसागणिक असतं. एकाच्या लॉगिनवर तिघांनी कोडिंग करायचं, ही आपली जुगाडू सवय इथे चालत नाही.

माझ्या एका मैत्रिणीनं जिमसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. पहिला ग्राहकही पटला. पण लॅपटॉप ऑफिसचा, टूल्स ऑफिसची. एका वकील मित्राला विचारलं, तर त्यानं कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम १७ पुढे केलं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक एम्प्लॉयर, वेगळा करार नसेल तर. रात्री केलेलं काम यात बसतं का, यावर वाद घालता येतो. पण कंपनीच्याच मशीनवर बसून तो घालायचा म्हणजे आपली बाजू लंगडी. त्यातून अपॉइंटमेंट लेटरमधली कलमं बरेचदा कायद्याच्याही पुढे जातात. तिनं स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि सगळा कोड पहिल्यापासून लिहिला. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. मला ते जरा अतीच वाटलं होतं, पण आता प्रॉडक्ट तिचं आहे, हे ती कुणालाही बिनधास्त सांगू शकते.

टूल मात्र तिला फुकट मिळालं. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती २०१४च्या नोव्हेंबरमध्ये आली, आणि एकटा माणूस ती वापरून अ‍ॅप बनवून विकूही शकतो. छोट्या कंपनीत पाच जणांपर्यंत चालते. पण २५०पेक्षा जास्त कॉम्प्युटर किंवा युजर्स, नाहीतर वर्षाला दहा लाख डॉलर्सच्या वर कमाई, यातलं एक जरी असलं तरी तुम्ही ‘एंटरप्राइझ’. मग शिक्षण, ओपन सोर्स असे मोजके अपवाद सोडले तर पैसे मोजा. डॉकर डेस्कटॉपनंही २०२१च्या ऑगस्टमध्ये अशीच रेघ ओढली. २५०पेक्षा जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलर्सवर कमाई असेल, तर पेड सबस्क्रिप्शन. जेटब्रेन्सची तऱ्हा आणखी वेगळी. तुमचं पर्सनल लायसन्स ऑफिसच्या कामाला वापरा, चालेल. पण त्याचं बिल ऑफिसकडून वसूल करायचं नाही!

फ्रीलान्सर मंडळींनी एक खाचखळगा लक्षात ठेवावा. एंटरप्राइझवाली अट कंत्राटी लोकांनाही लागू होते. तुम्ही घरी एकटेच बसून काम करत असाल, पण क्लायंट बडा असेल, तर त्याच्या अ‍ॅपसाठी तुमची फुकटची कम्युनिटी चालणार नाही. तेव्हा रेट सांगण्याआधी टूलचे पैसे कोण देणार, ते ईमेलवर लिहून घ्या. फोनवर नको. फोनवर सगळे ‘हो हो, बघू’च म्हणतात.