फसलो, म्हणून फसवायचं?

मित्रांनो, स्वस्त माल दिसला की आपल्यासारख्या होस्टेलवाल्यांचे डोळे चमकतात. माझेही चमकले. शहरातल्या एका दुकानातून साडेसहा हजारांत सेकंडहँड मोबाईल घेतला. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, बिल पाहिजे तर भाव वाढंल.’’ मी गप्प बसलो. इथेच चुकलो.

पंधरा दिवस फोन मस्त चालला. सुट्टीत गावी, देवगाव रंगारीला आलो आणि एका सकाळी रेंज गेली ती गेलीच. सिम बदललं, तरी तेच. कॅमेरा, गाणी, वाय-फाय सगळं ठणठणीत, पण कॉल लागेना!

चौकशी केली तेव्हा कळलं, फोन ब्लॅकलिस्टेड आहे. *#06# दाबल्यावर दिसणारा 15 अंकी आयएमईआय म्हणजे गाडीच्या चेसिस नंबरसारखी हँडसेटची ओळख. पहिले 8 अंक मॉडेलचे, पुढचे 6 त्या नगाचे, शेवटचा पडताळणीचा. चोरीची पोलीस तक्रार देऊन मालक हा नंबर सीईआयआर या सरकारी यंत्रणेतून बंद करून घेतो. मग देशात कुठल्याही कंपनीचं सिम त्यात चालत नाही. ही सोय 2019 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे 2023 पासून ‘संचार साथी’ पोर्टलवर देशभर मिळते.

गावातला दोस्त म्हणाला, ‘‘बाजारात काढून टाक ना! वाय-फायवर व्हिडिओ दाखवायचा, घेणारा खूश. इथं कोण नंबर तपासतंय?’’ दुसरा म्हणाला, ‘‘नंबरच बदलून घे.’’

खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. साडेसहा हजार म्हणजे माझी दोन महिन्यांची मेस! पण बाजारात समोर येणार कोण? मका विकून पोरीसाठी फोन घेणारा एखादा काका. मला निदान आयएमईआय कळतो, त्याला तेही नाही. दुकानदाराने मला फसवलं तसंच मी त्याला फसवणार, वर इंजिनिअर म्हणवून घेणार?

कायदाही कडक आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून ठेवणं हा गुन्हा आहे. आयएमईआयशी छेडछाड केली तर 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण माझं म्हणणं कायद्यापुरतं नाही. चोरीचा फोन खपतो, म्हणूनच चोरला जातो. ती साखळी कुणीतरी तोडायला हवी, आणि तोडणाऱ्याच्या खिशाला झळ बसणारच.

शेवटी वडिलांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि फोन पोलीस ठाण्यात जमा केला. पैसे गेले ते गेले.

तेव्हा दोस्तांनो, जुना फोन घेताना ‘केवायएम’ लिहून पुढे आयएमईआय टाका आणि 14422 वर एसएमएस करा. पण आज स्वच्छ दिसणारा नंबर उद्याही बंद होऊ शकतो, म्हणून आयएमईआय लिहिलेलं बिल घ्याच. बिल नाही म्हणाला, तर सरळ दुकानाची पायरी उतरा!