माझ्यासारखं आणखी कुणाला होतं का?



तालुक्याच्या एका गावाहून आलेलं पत्र आठवडाभर माझ्या टेबलावर आहे. नावगाव छापू नका असं बजावलंय, तेव्हा छापत नाही. घरात सासूबाई, यजमान, दोन मुलं आणि धाकटे दीर. दिरांचं वय एकोणतीस. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. औषधं चालू आहेत. कानात येणारे आवाज कमी झालेत, पण पुरते गेलेले नाहीत. नोकरी सुटली, मित्रही सुटले. परवा या पोळ्या लाटत असताना मागे येऊन उभे राहिले नि म्हणाले, "वहिनी, माझ्यासारखं आणखी कुणाला होतं का?"

मोबाइलवर अशा माणसांचे गट असतात म्हणे, भाऊजींना त्यात जाऊ द्यावं का, असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाई म्हणतात, "एकाचं निस्तरताना नाकी नऊ आलेत, त्यात आणखी चारांच्यात कशाला बसवता?"

भाऊजींना आधी सांगा, की होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. या हिशेबाने साठ हजार वस्तीच्या गावात दोनशे जण धरा. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण घरोघरी एकेक सासूबाई आहेत. (राग मानू नका. घरात लग्नाची मुलगी असली की आपणही हेच झाकत बसतो!)

माझं मत विचाराल तर जाऊ द्या. मात्र डॉक्टर आणि गोळ्या जिथल्या तिथं ठेवून. गोळी किती घ्यायची ते डॉक्टर सांगतील. पण गोळीने दिवसभर झापड येते तेव्हा कामाला कसं लागायचं, भर एस्‌टीत आवाज सुरू झाले तर काय करायचं, लग्नकार्यात कुणी "सध्या काय करता?" विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे ज्याने सोसलंय तोच सांगू शकतो. १९८७ साली नेदरलँड्समध्ये मारियस रोम या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या एका पेशंट बाईंसह टीव्हीवरून, आवाज ऐकू येणाऱ्यांनी आम्हाला कळवा, असं आवाहन केलं. शेकडो लोकांनी कळवलं. पुढे त्यांचा मेळावा भरला आणि त्यातून देशोदेशी असे गट निघाले. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत गटांच्या बैठका मोबाइलवर भरू लागल्या, त्यामुळे तालुक्याच्या गावालाही आता वाट सापडते.

पण गट शोधायचा तो मोबाइलवर जो पहिला दिसेल तो नव्हे. भाऊजींच्या डॉक्टरांना विचारा, किंवा जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात चौकशी करा. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था काढली. वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. २००४ चा 'देवराई' चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल, त्यामागेही तेच होते. अशा जाणत्या संस्थेकडे विचारणा करावी.

विचारताना एक गोष्ट नक्की करून घ्या. गट आजारी माणसांचा आहे की घरच्यांचा? पुष्कळ गट आया, बायका, बहिणी यांचेच असतात. तिथं भाऊजींना बसवलंत तर आपलंच गाऱ्हाणं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील. बोलणं मराठीत चालतं का, गट कोण चालवतं, बैठकीत कुणाचं बिनसलं तर कोण सावरतं, तेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर तो गट सोडा.

गटात कुणी "गोळ्या सोड, मी सोडल्या, मला काही झालं नाही" म्हणालं, तर सावध. गोळ्या सोडल्यावर आजार लगेच उलटतोच असं नाही, कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. मधल्या काळात माणूस उलट हुशार वाटतो, म्हणून तर असला सल्ला खरा वाटतो! जडीबुटी विकणारे, पैसे मागणारे, आधार कार्डाचा फोटो मागणारे तर सरळ बंदच करा.

या आजारात संशय असतो. मोबाइलमधून कुणी आपल्याला बघतंय असं वाटणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवणं म्हणजे छळच. पहिल्या काही बैठका कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकू द्या. संशयाचे दिवस असतील तेव्हा आग्रह नको. रात्री-बेरात्री टिंगटिंग वाजणारे निरोप मात्र बंद करून ठेवा, झोप मोडली की आजार बळावतो.

त्यांचे निरोप चोरून वाचू नका. त्यापेक्षा ते बरे असतील त्या दिवशी ठरवून टाका, की आवाज काही वावगं करायला सांगू लागले किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर गटात लिहीत बसायचं नाही, घरात सांगायचं. मग डॉक्टर किंवा दवाखाना. रात्री काही सुचलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सासूबाईंना एवढंच सांगा, की तिथं कुणी औषध बदलत नाही, नुसतं बोलतात. त्या पहिल्या दिवशी शेजारी बसतो म्हणाल्या तर भाऊजींना विचारा. ते नको म्हणाले तर नको.

आणि पत्र लिहिणाऱ्या वहिनी, चार पानी पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलीत, तीही खोडलेली. घरच्यांचा गट तुमच्यासाठी आहे. त्याच संस्थेत त्याचीही चौकशी करा आणि बैठकीचा तो तासभर मुलांचा अभ्यास यजमानांना घ्यायला सांगा.